समोरचा तगडा आहे, आता काय? वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

या महिन्यातली पत्रं वाचताना लक्षात आलं की विषय वेगवेगळे असले तरी दुखणं एकच आहे. कुणासमोर हॉस्टेलची टीम उभी आहे, कुणासमोर साखर कारखाना, कुणासमोर सख्खा दीर, आणि प्रत्येक पत्राचं शेवटचं वाक्य जवळपास सारखंच, की त्यांच्यापुढं आमचं काय चालणार. म्हणून शिष्यवृत्ती, पासपोर्ट वगैरे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत आणि ही पाच पत्रं सविस्तर घेतलीत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी हायस्कूलला पीटी टीचर आहे. आमची मुलींची कबड्डी टीम तालुक्याला चांगली खेळते पण जिल्ह्याला गेलं की क्रीडा हॉस्टेलच्या मुली समोर येतात, अंगानं मोठ्या, रोज मॅटवर प्रॅक्टिस. आमच्याकडं मातीचं मैदान, ते पण पावसाळ्यात चिखल. पोरी मैदानात उतरायच्या आधीच हरलेल्या असतात. यांना धीर कसा द्यायचा?

उत्तर: सर, धीर द्यायचं भाषण नका देऊ, पोरींना ते पाठ असणार. "घाबरू नका" म्हटलं की त्यांना उलट एवढंच कळतं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे. त्यापेक्षा प्रत्येकीला एक ठरलेलं काम द्या, डोक्यात काम असलं की समोरचीची उंची बघत बसायला वेळच मिळत नाही.

आता काम कुठलं ते. हॉस्टेलच्या मुलींची ताकद कशात आहे ते आधी बघा, सात जणी मॅटवर असल्या की त्या घेरून दाबतात आणि चढाईला आल्या की लांब हातानं टिपून निघून जातात. हाच खेळ त्यांच्यासारखा खेळायला गेलात तर तुमच्या मुली हरणार, हे मान्य करूनच पुढं बोलूया. पण कबड्डीच्या नियमातच कमी पडलेल्यांसाठी एक जागा ठेवलेली आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी जणी उरल्या असताना चढाईवाली पकडली तर एक गुण जादा मिळतो, अव्वल पकड म्हणतात ती. म्हणजे चार जणी बाहेर बसल्या की तुमच्या मुली मान खाली घालत असतील ना, नेमकी तीच वेळ एका पकडीत दोन गुण मिळवायची आहे, आणि समोरची चढाईवाली त्यावेळी निर्धास्त असते कारण तिला वाटतं आता काय, तिघीच तर आहेत. रोजच्या सरावात शेवटचा वेळ फक्त तिघी विरुद्ध एक असा खेळवा. एकीनं घोटा धरायचा, दुसरीनं त्याच क्षणी कमरेला मिठी, तिसरीनं मध्यरेषेची वाट अडवायची, आणि कुणी कधी तुटून पडायचं ते ओरडून नाही, नुसत्या नजरेनं. बुटक्या मुलींना घोटा धरायला सोपं जातं, त्यांना फार वाकावं लागत नाही, उंचीची भीती तिथंच निम्मी कमी होते. शाळांच्या स्पर्धेत हा जादा गुण धरणार आहेत का ते मात्र पंचांना आधीच विचारून घ्या.

दुसरं बोनस. समोर सहा किंवा सात जणी उभ्या असताना त्यांच्या बाजूची बोनस रेषा ओलांडली आणि मागचा पाय उचललेला असला की गुण मिळतो, कुणाला हात लावायची गरज नाही. टीममधली सगळ्यात लहान आणि चपळ पोरगी या एकाच कामाला लावा, तिनं गडी मारायचाच नाही, बोनस घ्यायचा आणि परत यायचं. तिसरं, चढाईला तीस सेकंद असतात, घाबरलेली पोर दहा सेकंदात परत येते, ते बंद करा. आपल्या चढाईचा वेळ पूर्ण वापरला की मॅचमध्ये एकूण चढाया कमी होतात, आणि चढाया जितक्या कमी तितकी तगड्या टीमला लांब पळून जायला जागा कमी. पंचवीस चढायांत त्या दहा गुणांनी पुढं जातील, पंधरा चढायांत कदाचित सहानं जातील, आणि सहा गुण म्हणजे तीन अव्वल पकडी.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, मातीवर अनवाणी खेळलेल्या पोरींचे पाय मॅटवर बूट घातल्यावर अडखळतात. तुमच्या मुली ताकदीत कमी पडण्याआधी पायात कमी पडत असतील. जिल्ह्याच्या आदल्या आठवड्यात कुठल्यातरी शाळेला विनंती करून दोन-चार वेळा त्यांच्या मॅटवर, त्याच बुटांत खेळवून आणा.

पोरींना सांगायला उदाहरण पाहिजे असेल तर लांब जाऊ नका, आपल्या बेळगाव तालुक्यातल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव. शेतकऱ्याची मुलगी, ज्युदो खेळायची, मग कुराश या कुस्तीच्या प्रकाराकडं वळली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५२ किलो गटात ब्राँझ घेऊन आली. कुराशमध्ये जमिनीवर लोळून लढणं नाही आणि कमरेच्या खाली धरणं पण नाही, सगळी कुस्ती उभ्यानं. आपलं अंग, आपले डाव कुठल्या आखाड्यात जास्त चालतात हे ओळखणं ही पण ताकदच आहे. आणि ज्या ज्युदोतून ती आली तो उभा करणारे जिगोरो कानो स्वतः अंगानं किरकोळ होते, शाळेत मोठी पोरं त्यांना त्रास द्यायची. त्यांनी १८८२ ला टोकियोत आपली शाळा काढली ती या एका गोष्टीवर, की समोरच्याला उचलायच्या आधी त्याचा तोल हलवायचा, तो तोल सावरत असताना त्याचं वजन त्याच्याच विरुद्ध जातं. तुमच्या तिघींनी नेमकं तेच करायचं आहे.

प्रश्न: मी खानापूर तालुक्यात नववीत शिकतो. प्रोजेक्टसाठी "आपल्या भागातले बलाढ्य शत्रूशी लढलेले वीर" असा विषय मिळालाय, मी कित्तूरची राणी चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा घेतलेत. पण माझा मित्र म्हणतोय दोघं पण शेवटी हरलेच की, मग त्यांच्याकडनं शिकायचं काय? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर: अरे, तुझ्या मित्राचा प्रश्न चांगला आहे, त्याच्यावर रागावू नको. हरले हे खरंच आहे. पण कसे जिंकले, कधी हरले आणि हरल्यावर काय केलं हे ओळीनं मांडलंस तर तुझं प्रोजेक्ट वर्गात सगळ्यात भारी होईल.

१८२४ ला कित्तूरचे देसाई, म्हणजे तिथले राजे, वारले, मूलबाळ नव्हतं, दत्तक घेतला, तो कंपनी सरकारनं मानला नाही. धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज आणि तोफा घेऊन किल्ल्यापुढं येऊन बसला. त्याला वाटलं धमकी दिली की दार उघडेल. दार उघडलं खरं, पण आतून कित्तूरची फौज एकदम बाहेर तुटून पडली, २३ ऑक्टोबर १८२४, थॅकरे तिथंच मारला गेला आणि दोन इंग्रज अधिकारी कैद झाले. बघ, समोरच्याकडं तोफा होत्या, शिस्त होती, पण त्याला खात्री होती की हे लोक लढणारच नाहीत, आणि त्या खात्रीवरच राणीनं घाव घातला.

मग डिसेंबरात इंग्रज परत आले, यावेळी कितीतरी मोठी फौज, मोठ्या तोफा. आता अचानकपणा संपला होता. किल्ल्याच्या भिंती एका बाजूला आणि तोफा दुसऱ्या बाजूला, हा सरळ हिशेबाचा खेळ झाला आणि हिशेबात कित्तूर कमी पडलं. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवलं, १८२९ ला ती तिथंच गेली.

आणि आता रायण्णा. हा शेतसनदी होता, म्हणजे गावच्या राखणीच्या बदल्यात जमीन कसणारा साधा माणूस, राजा नाही की सरदार नाही. त्यानं किल्ल्यात बसून लढायचा नादच सोडला. खानापूरच्या रानात राहायचं, रात्री येऊन मारायचं आणि सकाळी दिसायचं नाही. आणि मारायचं कुणाला? कचेऱ्यांना. बिडी गावची कचेरी जाळली, खजिने लुटले, जमिनीचे दप्तर जाळले. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं हेच वाटतं. कंपनीचं राज्य तोफांवर जेवढं उभं होतं तेवढंच शेतसाऱ्याच्या कागदांवर उभं होतं, तोफेला हात लावणं याला शक्य नव्हतं पण कागदाला होतं. त्याला पकडायला फौज रानात फिरत राहिली आणि शेवटी तो सापडला तो लढाईत नाही, आपल्यातल्याच माणसांनी दगा दिला म्हणून. २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी दिली, तुझ्या तालुक्यातच, ते ठिकाण तू बघितलं असशील.

यावर एक आकडा पण देते. इव्हान अरेग्विन-टॉफ्ट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १८०० ते १९९८ या काळातली, एक बाजू दुसरीपेक्षा कितीतरी पटींनी तगडी असलेली युद्धं तपासली आणि २००१ ला निष्कर्ष छापले. दोघं एकाच पद्धतीनं लढले तर तगडी बाजू ७६ टक्के वेळा जिंकली. पण कमजोर बाजूनं उलटी पद्धत घेतली, म्हणजे समोरचा सरळ चालून येतोय तर आपण रानात शिरायचं, तेव्हा कमजोर बाजू ६३ टक्के वेळा जिंकली. कित्तूरची दुसरी लढाई आणि रायण्णाची लढाई या दोन्हींमधला फरक तुला यात दिसेल. पण हे पण लिही की ६३ म्हणजे १०० नाही, आणि कमजोर बाजूची सगळी ताकद माणसांच्या विश्वासात असते म्हणून तगडी बाजू तिथंच पैसे आणि आमिष घेऊन पोचते. रायण्णाचं तेच झालं.

मित्राला आणि एक सांग. थॅकरेच्या बाजूनं लढलेल्यांच्या नावानं आपल्याकडं कुणी पोराचं नाव ठेवत नाही. चन्नम्मा सर्कल बेळगावात आहे, विद्यापीठाला राणीचं नाव आहे, २००७ ला दिल्लीत संसदेच्या आवारात पुतळा उभा राहिला. पुढच्या लढणाऱ्यांना पाठीशी कुणीतरी उभं आहे असं वाटायला हे लागतं. आणि तू मराठी शाळेतला असून हा विषय घेतलास याचं मला फार बरं वाटलं, ही माणसं आपल्या मातीतली आहेत, त्यांना भाषेच्या भांडणात वाटून घेऊ नये. संदर्भासाठी मुंबई इलाख्याचं १८८४ चं बेळगाव गॅझेटिअर लायब्ररीत किंवा नेटवर मिळेल, इंग्रजी जुनं आहे आणि बाजू सरकारची आहे, ते लक्षात ठेवून वाच, अडलं तर सरांना विचार.

प्रश्न: अथणी भागात शेती आहे. गेल्या हंगामातलं उसाचं बिल अजून पूर्ण आलेलं नाही, कारखान्याच्या वजनकाट्यावर पण संशय आहे. विचारायला गेलं की कारखान्याचा फिल्डमन म्हणतोय जास्त बोललात तर यंदा ऊसतोडीची टोळी पाठवत नाही, ऊस वाळवून घ्या. गावातले सगळे गप्प. कारखानदाराशी आमच्यासारख्यांनी भांडायचं कसं?

उत्तर: काका, "टोळी पाठवत नाही" ही धमकी जालीम आहे कारण ऊस शिवारात उभा राहून वाळतो आणि नुकसान तुमचं होतं. पण याची दुसरी बाजू बघा. बॉयलर पेटल्यावर कारखान्याला रोज हजारो टन ऊस लागतो आणि हंगाम मोजक्या महिन्यांचा. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस थांबला तरी वजन आणि साखर उतरते, म्हणून तो साठवून पण ठेवता येत नाही. म्हणजे एका शेतकऱ्याला कारखान्याची गरज आहे, पण पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांची गरज कारखान्याला आहे, आणि ती सगळ्यात जास्त असते हंगामाच्या सुरुवातीला. मार्चमध्ये, सगळा ऊस गेल्यावर भांडायला गेलात तर तुमच्या हातात काहीच उरलेलं नसतं. भांडण ऑक्टोबर-नोव्हेंबरचं पाहिजे.

२०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसला हेच बघितलं सगळ्यांनी. ऑक्टोबरच्या शेवटाला, गाळप तोंडावर असताना शेतकरी रस्त्यावर बसले, मागणी टनाला ३५०० ची, बघता बघता बाकीच्या तालुक्यांतून पण माणसं आली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरात बैठक होऊन ३३०० वर तोडगा निघाला. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण जे कारखाने आधी हलायला तयार नव्हते ते हलले. एकट्या-दुकट्या शेतकऱ्यानं तेच निवेदन मे महिन्यात दिलं असतं तर टेबलावर पडून राहिलं असतं.

यात दुखरी आठवण पण आहे आणि ती लपवू नये. १९८१ ला निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी हायवेवर ठाण मांडून बसले होते, आंदोलननगर म्हणायचे त्या जागेला, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. निपाणीत घराघरांत ते अजून सांगतात. रस्ता अडवणं सोपं हत्यार नाही, म्हणून त्याआधीची सगळी पायरी चढून घ्या असं मी म्हणेन.

आणि ती पायरी कागदाची आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात स्पष्ट आहे, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. न दिलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणजे डीसींच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या, हातात अधिकार आहे. कारखाना ही गोष्ट स्वतःहून सांगणार नाही आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी व्याज कधी मागितलेलंच नसतं. तुम्ही एकटे अर्ज देऊ नका, फिल्डमनला तेच पाहिजे असतं, एक नाव मिळालं की त्या नावाची टोळी अडवता येते. गावातल्या ज्यांचं ज्यांचं बिल अडकलंय त्या सगळ्यांच्या वजनाच्या पावत्या गोळा करा, तारीख, टन, किती आले, किती राहिले, व्याज किती, असा एकच तक्ता करा, आणि सगळ्यांच्या सह्यांनिशी कारखाना, डीसी ऑफिस आणि साखर आयुक्त अशा तिन्हीकडं एकाच दिवशी द्या. चाळीस जणांची टोळी अडवली तर कारखान्याचं गाळप अडतं, ते त्यांना परवडत नाही.

गावातले गप्प आहेत म्हणता, ते भित्रे आहेत म्हणून गप्प नाहीत, पहिलं नाव आपलं नको एवढंच त्यांचं म्हणणं असतं. मग सह्या गोल आकारात घ्या, कोण पहिला ते कळतच नाही. काट्याचा संशय असेल तर गाडी जाताना बाहेरच्या काट्यावर वजन करून पावती ठेवा, तीच गाडी, तोच दिवस. एका गाडीनं काही सिद्ध होत नाही, पण पाच-सहा शेतकऱ्यांच्या पावत्यांत तोच फरक दिसला तर मग बोलायला जागा होते. आणि अथणीकडच्या लोकांना आणखी एक सोय आहे, सीमा जवळ आहे, पलीकडं पण कारखाने आहेत. पुढच्या वर्षी सगळा ऊस एकाच ठिकाणी नोंदवू नका.

प्रश्न: माझं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. जवळच मोठं सुपरमार्केट आलंय, डाळ-तेल माझ्या खरेदीच्या भावात विकायलेत. गिऱ्हाईक तुटायलंय. भाव कमी करू का?

उत्तर: नका करू भाऊ. भावाच्या लढाईत ते वर्षभर तोटा सोसू शकतात, तुम्ही दोन महिने पण नाही. तेल आणि डाळीच्या भावावर त्यांना जिंकू द्या आणि ते जे करूच शकत नाहीत ते धरा: पाच रुपयांची मोहरी, पावशेर रवा, सकाळी सहाला उघडं दुकान, फोनवर "काकू, पिशवी पोरानं आणून ठेवली", ओळखीवर महिन्याची उधारी. उधारी मात्र मर्यादा घालून, वहीत सही घेऊन, नाहीतर तीच बुडवते. आजूबाजूच्या पाच-सहा दुकानदारांनी मिळून बेळगावच्या होलसेल बाजारातून एकत्र माल उचलला तर खरेदीचा भाव पण थोडा खाली येईल. आपलं गिऱ्हाईक काय घेतं हे तुम्हाला तोंडपाठ आहे, कोण सणाला काय भरतं, कुणाच्या घरी शुगरचा पेशंट आहे. त्या माहितीवर माल भरा.

प्रश्न: ताई, मी चिकोडी तालुक्यातली. मालक, म्हणजे माझे पती, जाऊन वर्ष होत आलं, दोन मुली आहेत. जमीन सासऱ्यांच्या नावावर, ते पण वारले. थोरले दीर म्हणायलेत हक्कसोडवर सही कर, मुलींच्या लग्नाचं आम्ही बघतो. त्यांच्या सगळीकडं ओळखी, गाव त्यांचंच ऐकतंय. सही दिली नाही म्हणून विहिरीचं पाणी बंद केलंय, सासूबाई बोलत नाहीत. मी सातवी शिकलेली, कन्नड वाचता येत नाही. माझं काय चालणार?

उत्तर: अक्का, तुमचं पत्र दोनदा वाचलं. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का बघा. ज्या माणसाच्या सगळीकडं ओळखी आहेत, गाव ज्याचं ऐकतं, तो माणूस वर्षभर तुमच्या एका सहीसाठी थांबलाय. पाणी बंद करायची वेळ त्याच्यावर आली. ओळखींनी काम होत असतं तर तुम्हाला विचारलंच नसतं. ती सही तुमच्याकडं आहे तोवर तुम्ही कमजोर नाही, आणि म्हणून सही करू नका, कोऱ्या कागदावर नको, "बँकेचं आहे" म्हणून नको, अंगठा नको, आधारचा ओटीपी पण कुणाला सांगू नका.

हक्काचं बोलायचं तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात विधवा आणि मुली पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. तुमचे मालक आधी गेले असोत की सासरे आधी, दोन्ही बाबतीत तुमचा आणि तुमच्या मुलींचा वाटा बसतो, सासूबाईंचा पण बसतो हे विसरू नका, कारण दीर त्यांची सही पण घेणार आहेत आणि उद्या त्यांना पण कुणीतरी विचारायला पाहिजे. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं असेल तर हिशेब बदलतो, ते वकील बघतील.

पहिलं काम, नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या ऑफिसात, जाऊन जमिनीची पहाणी, म्हणजे उतारा, काढा, सर्व्हे नंबर माहीत नसेल तर जुनी घरपट्टी, सोसायटीचा कागद, काहीही चालेल त्यावर सापडतो. सोबत दोघांचे मृत्यूचे दाखले, रेशन कार्ड, मुलींचे जन्माचे दाखले, सगळ्यांच्या झेरॉक्स काढून एक संच माहेरी भावाकडं ठेवा, सासरच्या घरात नको. दुसरं काम, वारसा नोंदीला आपली हरकत आहे असा अर्ज तहसीलदारांच्या नावे द्या आणि त्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकलं नाही असं होतं, पोच असलेला कागद फायलीत राहतो आणि तुम्हाला न विचारता नोंद करणाऱ्याला मग उत्तर द्यावं लागतं.

कन्नड येत नाही आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं कुठल्याही बाईला उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो. चिकोडीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा, नाहीतर आधी विधी सेवेच्या हेल्पलाइनला, १५१०० ला, फोन करा. वकिलांना सांगा की प्रत्येक कागद मला मराठीत वाचून समजावून द्या, मगच मी सही करीन, हे सांगायला लाजू नका, तो तुमचा अधिकार आहे.

पाणी कधी बंद केलं, कोण काय बोललं, एका वहीत तारखेनं लिहून ठेवा, सातवीचं मराठी त्याला भरपूर आहे. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त मारहाणीचा नाही, घरातल्या बाईचं पाणी तोडणं, घराबाहेर काढायला बघणं हे पण त्यात येतं, ती वही तिथं कामाला येईल.

आणि एकटी जाऊ नका. तुमच्या स्त्रीशक्ती संघातल्या, म्हणजे बचत गटातल्या, दोघी बायका बरोबर घ्या, त्यांनी काही बोलायची पण गरज नाही, नुसत्या शेजारी बसू देत. दीर घरी येतील तेव्हा पण मोठ्यानं भांडू नका, त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा आहे आणि गाव आवाज ऐकतं. "भाऊजी, वकिलांना विचारून सांगते" एवढंच म्हणा, दर वेळी तेच, नमस्कार करून. मुलींच्या लग्नाचं ते बघणार असतील तर चांगलंच आहे, पण त्यासाठी जमीन सोडावी लागते असं कुठल्याच कायद्यात नाही. येत्या सोमवारी पहाणी काढायला जा, आणि पोच मिळाली की तिचा फोटो आम्हाला पाठवा, पुढचा अर्ज कसा लिहायचा ते आपण मिळून बघू.